जॉर्ज एलरी हेल : सूर्याचें चुंबकत्व ओळखणारा ज्योतिर्विद

लोहचुंबकावर जाड कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरला आणि कागदाला हलकेच टिचकी मारली, म्हणजे तो कीस वांकड्या रेषांनीं आपोआप कसा मांडला जातो, हें आमच्या वरच्या वर्गांतील बहुतेक विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत पाहिलेलें आहे. असाच प्रकार आपल्यापासून ९ कोटि ३० लक्ष मैल दूर असलेल्या सूर्याच्या अंगावर चालूं आहे, आणि तेथील चुंबकाचीं टोकें ठराविक वर्षांनीं एकमेकांशीं अदलाबदल करितात, असें कोणीं सांगितलें तर प्रथम तें खरें वाटणार नाहीं. तेथें कागदहि नेतां येत नाहीं आणि कीसहि नेतां येत नाहीं. शिवाय लाल होईपर्यंत तापविलेलें लोखंड आपलें चुंबकत्व टाकून देतें, हें आपण शिकलेलों आहों. मग इतक्या उष्ण गोलांत चुंबकत्व आलें कोठून, आणि तें कोणीं व कसें ओळखलें? ज्या पुरुषानें तें ओळखलें, त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जॉर्ज एलरी हेल याचा जन्म अमेरिकेंतील शिकागो शहरीं २९ जून १८६८ रोजीं झाला. तीनच वर्षांनीं, म्हणजे १८७१ मध्यें, त्या शहरास प्रचंड आग लागून त्याचा मोठा भाग बेचिराख झाला. त्या राखेंतून जें नवें शहर उभें राहिलें त्यांत उंच उंच इमारती आल्या, आणि उंच इमारतींबरोबर माणसांना वर चढविणाऱ्या लिफ्ट आल्या. जॉर्जचे वडील विल्यम हेल यांचा धंदा नेमका हाच होता. त्यामुळें शहर उभें राहतां राहतां हें घरहि संपन्न झालें. आई मेरी हिला वाचनाची आवड होती, व जुन्या महाकाव्यांची गोडी मुलाला तिनेंच लाविली. मुलगा प्रकृतीनें नाजूक, पण हातानें मोठा खटपट्या होता. त्यानें घरींच एक लहानसा कारखाना थाटला होता. मुलानें आधीं साध्या हत्यारांनीं कांहीं करून दाखवावें आणि मग त्याला चांगलें उपकरण मिळावें, अशी वडिलांची रीत होती.

त्याच शहरांत बर्नहॅम नांवाचे एक गृहस्थ होते. दिवसा ते कचेरींत खटल्यांच्या कामकाजाचीं टिपणें घेत आणि रात्रीं दुर्बीण लावून जोडतारे शोधीत. त्यांच्या सल्ल्यानें जॉर्जला चार इंची भिंगाची एक दुर्बीण मिळाली. ६ डिसेंबर १८८२ रोजीं शुक्राचा ग्रह सूर्यबिंबावरून सरकत गेला, तो चमत्कार ह्या चौदा वर्षांच्या मुलानें आपल्या घराच्या छपरावरील त्याच दुर्बिणींतून पाहिला. श्रीमंताचा मुलगा, त्याला काय उणें, असें आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. तें अगदींच खोटें नाहीं. वडिलांचा पैसा नसता तर पुढील पुष्कळ गोष्टी घडल्या नसत्या. परंतु त्या शहरांत लिफ्टचे आणि इतर व्यापार करणारे धनिक पुष्कळ होते, व त्यांना मुलगेहि होते, हेंहि विसरूं नये.

सन १८८९ च्या उन्हाळ्यांत, बोस्टन येथील तंत्रविद्यालयांत शिकणारा हा तरुण सुटींत घरीं आला असतां, ट्राममधून जातां जातां त्याची नजर रस्त्याच्या कडेच्या लांकडी कुंपणाकडे गेली. कुंपणाच्या पट्ट्या एकामागून एक मागें सरत होत्या. त्या क्षणीं त्याला एक युक्ति सुचली. सूर्याच्या प्रतिमेवरून एक बारीक फट हळूहळू सरकवावयाची; तींतून आलेला प्रकाश लोलक अथवा तत्सम साधनानें पसरून त्याचा वर्णपट करावयाचा; दुसऱ्या फटीनें त्या वर्णपटांतील एकच रंग निवडून घ्यावयाचा, आणि त्या एकाच रंगांत सबंध सूर्याचें छायाचित्र पट्टीपट्टीनें कांचेवर उमटवावयाचें. ह्या यंत्रानें सूर्यावरील निरनिराळे वायु निरनिराळ्या वेळीं जणूं वेगळे काढून पाहतां येऊं लागले. साध्या दुर्बिणीनें जें सूर्यबिंब गुळगुळीत थाळीसारखें दिसे, तें आतां ढग, भोंवरे आणि ज्वाळा यांनीं भरलेलें दिसूं लागलें. पुढच्याच वर्षीं हेल पदवीधर झाले आणि त्यांचा विवाह झाला. वडिलांनीं घराशेजारींच त्यांना वेधशाळा बांधून दिली.

हेल यांना एक विलक्षण कला साधली होती. ती म्हणजे विज्ञानासाठीं धनिकांकडून पैसा मिळविण्याची. चाळीस इंच व्यासाच्या भिंगाच्या दोन कांचा तयार असून त्या मागविणाऱ्या विद्यापीठापाशीं पैसे उरले नाहींत, असें १८९२ मध्यें त्यांच्या कानीं आलें. त्यांनीं ट्राम-कंपन्यांचे धनी यर्कीस यांस गांठलें, आणि १८९७ मध्यें विस्कॉन्सिन प्रांतांतील विल्यम्स बे येथें यर्कीस वेधशाळा उघडली. भिंगाची त्याहून मोठी दुर्बीण अशा वेधशाळेंत पुढें कोणीं उभारली नाहीं. दरम्यान १८९५ मध्यें त्यांनीं जेम्स कीलर यांच्यासह खगोलीय पदार्थविज्ञानाचें एक मासिक काढलें. तें पुढें आमच्या हकीकतींत पुन्हां येणार आहे.

परंतु सूर्याचा अभ्यास करावयास स्वच्छ आकाश हवें, आणि तें त्या बाजूस फार थोडे दिवस मिळे. म्हणून १९०४ मध्यें, कार्नेजी संस्थेच्या साहाय्यानें, हेल कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन नामक सुमारें ५,७०० फूट उंचीच्या डोंगरावर गेले. वर जावयास केवळ पाऊलवाट होती. खेचरें आणि गाढवें यांच्या पाठीवरून आरंभींचें सामान चढविण्यांत आलें. तेथें एक नवी अडचण उभी राहिली. उन्हानें जमीन तापली कीं तिच्यालगतची हवा थरथरते (आपल्याकडे वैशाखांत डांबरी रस्त्यावर ती थरथर कोणासहि दिसेल), आणि सूर्याची प्रतिमा पाण्यांत हलविल्यासारखी होते. हेल यांनीं उपाय योजिला तो असा. साठ फूट उंचीचा मनोरा उभारून आरसे त्याच्या माथ्यावर ठेविले, व प्रकाश सरळ खालीं आणून जमिनींत खणलेल्या सुमारें तीस फूट खोल विहिरींत सोडला. विहिरींत उष्णमान दिवसभर जवळजवळ सारखेंच राहतें. म्हणून वर्णपट पाडण्याचें यंत्र तेथें बसविलें. मूळ कल्पना इतकी साधी आहे. पण तिच्यावांचून पुढील शोध लागला नसता.

आतां तो शोध. एकच रंगांत घेतलेल्या चित्रांत सूर्याच्या डागांभोंवतीं मोठे भोंवरे दिसत होते. विद्युत्-भारित कण गोल गोल फिरले तर त्यांपासून चुंबकत्व उत्पन्न व्हावयास पाहिजे. तारेच्या वेटोळ्यांतून विद्युत्-प्रवाह सोडला असतां लोखंडाचा खिळा चुंबक बनतो, तसाच हा प्रकार. मग डाग म्हणजे एक प्रचंड चुंबक असेल काय? ही परीक्षा करण्याचें साधन हॉलंडमधील लायडेन येथें झीमान ह्या शास्त्रज्ञानें १८९६ सालींच दाखवून ठेविलें होतें. जळणारी वाफ बलवान चुंबकाच्या दोन टोकांमध्यें धरिली तर तिच्या वर्णपटांतील एकेक रेषा फांकते, आणि तिच्या दोन्ही कडांचा प्रकाश एका विशिष्ट रीतीनें परस्परविरुद्ध कंपन पावत असतो.

डागांच्या वर्णपटांत कांहीं रेषा दुहेरी दिसतात हें पूर्वींहि लोकांच्या नजरेस आलें होतें. परंतु रेषा दुहेरी दिसण्यास दुसरींहि कारणें असूं शकतात. हेल यांनीं फटीसमोर विशेष प्रकारचे स्फटिक बसविले, ज्यांतून एका प्रकारचें कंपन पार होतें आणि विरुद्ध प्रकारचें अडतें. २५ जून १९०८ रोजीं त्यांनीं पाहिलें तों जोडींतील एक रेषा ठळक राहिली व दुसरी फिकी पडली. स्फटिक फिरवितांच पहिली फिकी पडून दुसरी ठळक झाली. चुंबकाशिवाय दुसऱ्या कोणत्याहि कारणानें असें घडत नाहीं. तरीहि ते तेवढ्यावर थांबले नाहींत. प्रयोगशाळेंत विद्युच्चुंबकाच्या टोकांमध्यें लोखंडाची ठिणगी पाडून तिच्या रेषा किती फांकतात हें मोजलें, आणि दोन्हींचा ताळा पाहिला. मोठ्या डागांतील चुंबकत्वाचें बळ सुमारें तीन हजार गाउस भरलें; आपल्या पृथ्वीचें बळ अर्ध्या गाउसच्या आसपास असतें. पृथ्वीवांचून इतर कोणत्याहि खगोलावर चुंबकत्व असल्याचा हा पहिला पुरावा होय.

ह्याच सुमारास आपल्या देशांतहि हें काम चालूं होतें. मद्रास इलाख्यांतील कोडाईकनाल येथील वेधशाळेंत जॉन एव्हरशेड हे १९०७ पासून होते, आणि हेल यांनीं काढलेल्या युक्तीच्याच यंत्रानें तेथें रोज सूर्याचीं चित्रें घेतलीं जात. हेल यांचे भोंवरे खरोखर फिरतात काय हें पाहण्यास एव्हरशेड यांनीं जानेवारी १९०९ मध्यें डागांचा वर्णपट तपासला. त्यांना वायूची गोल गति आढळली नाहीं, तर डागाच्या मध्यापासून बाहेर कडेकडे वाहणारी गति आढळली. म्हणजे हेल यांनीं ज्या तर्कानें शोध केला तो तर्क लंगडा ठरला, आणि शोध मात्र अढळ राहिला. शास्त्रांत असें वरचेवर होतें, व आम्हांस त्यांत हेल यांची कांहीं नामुष्की दिसत नाहीं. ह्याच कोडाईकनालास पुण्याच्या सायन्स कॉलेजाच्या आवारांतील वेधशाळेची मोठी दुर्बीण १९१२ नंतर गेली. भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें ती वेधशाळा उभारली होती, व नेगमवाला हे तिचे संचालक होते. ते सेवानिवृत्त होतांच ती मिटली. पुणेंकरांस ह्याची आठवण क्वचितच असते.

सूर्यावरील डाग बहुधा जोडीनें येतात. सूर्याच्या फिरण्याच्या दिशेस एक डाग पुढें असतो आणि दुसरा मागें. हेल आणि त्यांचे सोबती ह्यांना असें दिसून आलें कीं, उत्तर गोलार्धांत पुढचा डाग जर उत्तर टोंक असेल, तर मागचा दक्षिण टोंक असतो. आणि दक्षिण गोलार्धांत नेमकें ह्याच्या उलट असतें. इतकें कळल्यावर कोणालाहि वाटावें कीं नियम सांपडला. परंतु डागांची संख्या सुमारें अकरा वर्षांनीं वाढते व घटते, आणि १९१२-१३ च्या सुमारास जुनें चक्र संपून नव्या चक्राचे पहिले डाग दिसूं लागले, तेव्हां सर्वच उलटें झालेलें आढळलें. जेथें पुढचा डाग उत्तर टोंक होता तेथें तो आतां दक्षिण टोंक झाला. हा कांहीं अपघात कीं सूर्याचा नियमच? ह्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याहि दुर्बिणीनें लगेच मिळण्याजोगें नव्हतें. उत्तर देणार होता तो सूर्य, आणि तोहि आपल्या सवडीनें, आणखी दहा वर्षांनीं.

हीं दहा वर्षें हेल यांना फार जड गेलीं. १९१० च्या सुमारापासून त्यांच्या मज्जातंतूंनीं दगा दिला. डोकें दुखे, झोंप येत नसे, मन खचून जाई. कामाचा विचार करणेंहि असह्य होई. विश्रांतीसाठीं ते यूरोप व ईजिप्त येथें गेले, आरोग्यधामांत राहिले, परत आले, पुन्हां काम अंगावर घेतलें आणि पुन्हां कोसळले. ह्या आजारांच्या मधल्या मधल्या वेळांत त्यांनीं जें केलें त्याची केवळ यादीहि लांब होईल. वडिलांनीं फार पूर्वीं घेऊन ठेविलेल्या कांचेचा साठ इंची आरसा १९०८ मध्यें बसला. शंभर इंची आरशाची दुर्बीण १९१७ मध्यें उभी राहिली, आणि तिच्याच योगानें हबल यांनीं पुढें दूरच्या तारकामंडळांचें अंतर ठरविलें. पॅसाडीना गांवच्या एका लहान शाळेचें रूपांतर पुढें प्रख्यात झालेल्या कॅलिफोर्निया तंत्रविद्यालयांत करण्यांत त्यांचा मोठा हात होता. त्यांच्या ह्या दोन बाजू, बाहेरून दिसणारा कर्ता पुरुष आणि आंतून झिजणारा रोगी, कशा एकत्र नांदल्या असतील ह्याचा विचार मनाला लागून राहतो. मन थकणें हा आळस नव्हे आणि भ्याडपणाहि नव्हे, हें आपल्याकडे अजून नीट समजलें जात नाहीं, म्हणून ही गोष्ट आम्हीं येथें झांकून ठेविली नाहीं.

१९१९ मध्यें हेल यांनीं तीन सहकाऱ्यांसह तोंवरचे सर्व वेध प्रसिद्ध केले. पुढें १९२२ मध्यें नव्या चक्राचा पहिला डाग वरच्या अक्षांशांत दिसला. त्याचीं टोकें पुन्हां उलटलेलीं होतीं, म्हणजे १९०८ च्या वेळेसारखीं झालीं होतीं. सूर्याचें खरें चक्र अकरा वर्षांचें नसून बावीस वर्षांचें आहे, हें ह्या एका डागानें सांगितलें. पुढच्याच वर्षीं, १९२३ मध्यें, प्रकृतीमुळें हेल यांनीं संचालकपद सोडलें. पॅसाडीना येथें त्यांनीं स्वतःसाठीं एक छोटी सूर्यप्रयोगशाळा बांधली. तिच्या दारावर, किरणांच्या टोकांस हात असलेला प्राचीन ईजिप्तमधील सूर्य कोरलेला आहे. तेथें ते शक्ति असेल तेवढे तास सूर्याकडे पाहत बसत.

एक गोष्ट मात्र त्यांना साधली नाहीं. डाग सोडून सबंध सूर्यच पृथ्वीप्रमाणें एक चुंबक आहे काय, हें शोधण्यासाठीं त्यांनीं आयुष्याचीं कित्येक वर्षें खर्चिलीं. १९१३ मध्यें त्यांनीं त्याचें बळ सुमारें पन्नास गाउस असल्याचें जाहीर केलें. पुढील वेधांनीं तो आंकडा टिकला नाहीं. रेषा इतक्या सूक्ष्म सरकत होत्या कीं कांच मोजणाऱ्या डोळ्यांनीं त्यांत नसलेलें पाहिलें. ही मोजणी अखेर केली ती एका बापलेकांनीं. हॅरोल्ड बॅबकॉक हे १९०९ पासून हेल यांच्याच हाताखालीं काम करीत होते. त्यांचे पुत्र होरेस यांनीं १९५२ च्या सुमारास विद्युत्-साधनांचें नवें यंत्र रचलें. सूर्याच्या ध्रुवांजवळ चुंबकत्व आहे, पण तें एकदोन गाउसच आहे, असें त्यानें दिसलें. आणि १९५७-५८ मध्यें तें ध्रुवांवरचें चुंबकत्वहि पालटतांना वडिलांनीं पाहिलें. पण हें सारें हेल यांच्या पश्चात्. त्यांचा मृत्यु पॅसाडीना येथें २१ फेब्रुवारी १९३८ रोजीं झाला. त्यांनींच आरंभिलेली दोनशें इंची आरशाची दुर्बीण पालोमार पर्वतावर १९४८ मध्यें पुरी झाली व तिला त्यांचें नांव देण्यांत आलें.

सूर्य हें चुंबकत्व निर्माण करितो कसें, हा प्रश्न हेल मागें ठेवून गेले. त्याची पहिली दिशा इंग्लंडमधील जोसेफ लार्मर यांनीं १९१९ मध्यें दाखविली. बायसिकलच्या दिव्याचा डायनॅमो आमच्या वाचकांस माहीत आहे. त्यांत तारेजवळ चुंबक फिरला कीं विद्युत् निर्माण होते. सूर्यांतील वायु इतका तापलेला आहे कीं तो तारेप्रमाणेंच विद्युत्-वाहक आहे, आणि तो सदैव उकळत व फिरत असतो. आधींच्या थोड्या चुंबकत्वांत तो हलला कीं विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्या प्रवाहापासून नवें चुंबकत्व. त्यांत भर म्हणजे सूर्याचा मध्यभाग सुमारें २५ दिवसांत एक फेरी करितो आणि ध्रुवांकडील भागास त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. त्यामुळें चुंबकरेषा रिळावर दोरी गुंडाळावी तशा सूर्याभोंवतीं गुंडाळल्या जाऊन दाट होतात. कल्पना सुंदर आहे. परंतु सर्व बाजूंनीं सारखी असलेली साधी रचना अशा रीतीनें कधींच टिकणार नाहीं, असें काउलिंग यांनीं १९३४ मध्यें गणितानें सिद्ध केलें. वर चढणारा वायु चढतां चढतां वळतो, व तो वळणें देऊन रेषांना पुन्हां उभें करितो, ही वाट शिकागो येथील पार्कर यांनीं १९५५ मध्यें सुचविली.

पुढचें काम हातानें होण्याजोगें नव्हतें. तें संगणकांकडे गेलें. सूर्याच्या बाहेरच्या उकळत्या थराचे कल्पनेनें असंख्य लहान लहान कप्पे पाडावयाचे, प्रत्येक कप्प्यांतील वेग, उष्णता व चुंबकत्व ह्यांचे आंकडे मांडावयाचे, आणि पदार्थविज्ञानाच्या नियमांप्रमाणें क्षणाक्षणानें पुढची स्थिति काढावयाची. पावसाचें अनुमान काढतात तसेंच हें. अमेरिकेंत गिलमन आणि ग्लाट्झमायर यांनीं १९८० नंतरच्या वर्षांत हा सबंध हिशेब केला. त्यांच्या कागदी सूर्यानें चुंबकत्व निर्माण केलें आणि तें पालटलेंहि; पण त्याचे पट्टे ध्रुवांकडे सरकले, आणि खऱ्या सूर्यावर डाग वर्षानुवर्षें विषुववृत्ताकडे सरकतात. म्हणजे यंत्रानें अचूक गणित करून चुकीचा सूर्य काढला. पुढें सूर्याच्या पृष्ठाचीं कंपनें मोजून त्याच्या पोटांतील फिरणें कळलें, तेव्हां तें फिरणेंहि ह्या हिशेबांतल्यासारखें नाहीं असें आढळलें. २०१० मध्यें कॅनडांतील मॉन्ट्रिऑल येथील मंडळींच्या सूर्यानें नियमितपणें टोकें पालटलीं, पण अकरा वर्षांऐवजीं सुमारें तीस वर्षांनीं. त्यांचा निबंध हेल यांनीं काढलेल्या त्याच मासिकाच्या पुरवणींत छापला गेला. अडचण अशी कीं, सूर्यांतील भोंवरे लहानांत लहान असूं शकतात, आणि संगणकाचे कप्पे कितीहि बारीक केले तरी त्यांपुढें ते अवाढव्यच राहतात.

अधिक साध्या गणितानें काम केलेल्यांत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे अर्णव रायचौधुरी यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. ध्रुवांवरील चुंबकत्वाचा आंकडा घेऊन पुढचें चक्र दुबळें निघेल असें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ मध्यें वर्तविलें. त्याच सुमारास अमेरिकेंतील दुसऱ्या एका गटानें तें जोरदार होईल असें सांगितलें होतें. चक्र दुबळेंच निघालें. २ सप्टेंबर २०२३ रोजीं सूर्याच्या निरीक्षणासाठीं गेलेल्या आदित्य यानावरील एक दुर्बीण तर पुण्याच्या आयुका संस्थेनें घडविलेली आहे.

डिसेंबर २०१९ मध्यें सूर्याचें जें चक्र सुरू झालें, तें हेल यांनीं १९०८ मध्यें पाहिलेल्या चक्रापासून अकरावें. अकरा वेळां टोकें पालटलीं, म्हणजे ह्या चक्रांतील डाग त्यांनीं विहिरींतल्या यंत्रांतून पाहिलेल्या डागांच्या उलट आहेत. २०३० च्या सुमारास पुढचें चक्र लागेल, तेव्हां ते पुन्हां १९०८ च्या जूनमधील डागांसारखे होतील.